ह्यांचं गल्लीतलं बोलणं

आमचे हे मुळात अबोल. पाठशाळेत शिकवून येत आणि घरात गप्प बसत. रोज राजा घाटावर स्नानाला जायचे, तेही मुकाट्याने. असा माणूस एकदा गल्लीत थांबून दहीवाल्याच्या म्हशीची चौकशी करू लागला. मला वाटलं, चला, काशीचं पाणी लागलं शेवटी. कुठलं काय! पोटरीत गोळे येत, पुढे चालवत नसे. दुखण्यापायी थांबलेलं कुणाला कळू नये म्हणून बोलत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. दिल्लीला नेलं. मांडीतली धमनी बारीक झाली होती, ती आतून फुगा फुगवून रुंद केली. परत आले ते पुन्हा गप्प, सरळ घाटापर्यंत. त्या गप्पपणाचं मला काय सुख वाटलं म्हणून सांगू!

पण थंडी आली आणि म्हशीची चौकशी परत सुरू.

पुन्हा दिल्ली. डॉक्टर म्हणाले, त्याच जागी धमनी परत आवळली आहे. पूर्ण बंद झाली तर पायावर बेतेल. मी विचारलं, पूर ओसरला की आमच्या घाटावर गाळ बसतो, धुतला तरी पुढच्या वर्षी पुन्हा असतोच, तसं का हे? ते म्हणाले, नाही माताजी, फुग्याने आतून जखम होते, शरीर ती भरून काढतं, आणि कधी इतकं भरतं की वाटच बुजते. मी चकितच झाले. बरं होता होता बिघडायचं! मग सगळ्यांचं का नाही होत? साखर असली, अडथळा लांब असला, तंबाखू असली की जास्त होतं, म्हणाले; पण नेमकं कुणाचं होईल, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

"तंबाखू खाता?"

"छे. बिडी मागच्या खेपेलाच सोडली," हे म्हणाले.

"अहो, आणि पानातला जर्दा?"

"ते पान आहे."

आता बनारसच्या माणसाला काय समजावणार!

पुन्हा फुगा घालायचा की नाही ते नंतर बघू, डॉक्टर म्हणाले. आधी जर्दा बंद, साखर ताब्यात, आणि रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, मग परत चालायचं. मी बरोबर जाऊ लागले. पहिल्याच दिवशी दहीवाल्याच्या दुकानापाशी हे थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "थांब गं जरा, दुखतंय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

उन्हाळ्यापर्यंत ते थांबे कमी होत गेले. मग एकदा दहीवाल्याने मला हळूच विचारलं, "पंडितजी नाराज हैं का? भैंस का हाल नहीं पूछते।"