हैदर पिंजाऱ्याचा नकाशा

आमच्या गावात मोबाईल घरटी दोन-दोन आहेत, पण मोबाईलच्या पोटात काय दडलंय ते बघायची हौस एकट्या हैदर मन्सुरीला. गाव मोताळ्यापासून सात किलोमीटर. हैदर जातीने पिंजारी, धंद्याने गादीवाला, आणि बाकीच्या वेळात काय आहे ते मला आजवर सांगता आलेलं नाही. चौथीपर्यंत तो माझ्या हाताखाली शिकला. तेव्हा त्याने शाळेची घंटा उघडून पाहिली होती. तिच्यात उघडण्यासारखं काही नसतं हे त्याला पटायला आठवडा लागला, आणि तो आठवडा मी ताटली वाजवून शाळा चालवली.

दुकानात दिवसभर कापूस पिंजायचं यंत्र चालू असतं. हैदरच्या दाढीत, भुवयांत, कानात कापूस. फोनमध्ये तो जाऊ नये म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीवरूनच बोट फिरवायचं. फोन जुना, विकत घेतानाच एका कोपऱ्यात काच मेलेली. त्या कोपऱ्यात एखादं बटण आलं की हा फोन आडवा करायचा, उभा करायचा, पण हार मानायचा नाही. फोनला जोडायचं बोटाएवढं भिंग त्याने मागवलं होतं. बाटली कापून पर्जन्यमापक केला होता. फुकटात वेबसाईट बनवून मिळते हे कळल्यावर त्याने गावाच्या तापमानाची वेबसाईट काढली. तिचा पासवर्ड विसरून दहा दिवस गेले. नवा पासवर्ड त्याने दुकानाच्या शटरवर बाहेरून खडूने लिहून ठेवला, म्हणजे शटर वर असताना कुणाला दिसू नये. शटर अर्धं खाली आलं की तो सगळ्या गल्लीला वाचता यायचा. मी टर उडवायचो. आतापर्यंत किती जणांनी वेबसाईट पाहिली म्हणून विचारलं, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, अकरा, त्यातले नऊ वेळा मीच.

दोन हजार सतराच्या दिवाळीत मात्र ही थट्टा थांबली. पंधरा वर्षं आम्ही अळी न लागणारी बीटी कपाशी पेरत होतो आणि बोंडाला अळी लागते हे विसरलो होतो. त्या वर्षी बोंडं फुटली तीच किडकी. बाजारात न चालणारा पिवळा, गठ्ठा झालेला कापूस, ज्याला आम्ही कवडी म्हणतो, तो शेवटी पिंजाऱ्याकडे येतो. त्यामुळे नुकसान किती झालं ते आमच्यात सगळ्यात आधी हैदरला कळलं. त्याने कवडी भिंगाखाली धरली आणि गुलाबी अळी येईल त्याला दाखवली, जेवत असलेल्यालाही. मग वेबवर वाचत बसला. अळी उन्हाळाभर पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच्या, बोंडांत आणि सरकीत झोपते; थोड्या अळ्या आधीच, पण बऱ्याच नव्या कपाशीला फुलं लागली की पतंग होऊन बाहेर पडतात. म्हणजे मृगाच्या आत गावातली पऱ्हाटी गेली, तर पुढच्या पिकाची निदान सुरुवात तरी वाचेल. एवढं वाचून हैदरने फोन खिशात घातला आणि ठरवलं की यंदा गावात पऱ्हाटीचा एक ढीग राहू द्यायचा नाही.

कपाशी निघाली की पऱ्हाटी प्रत्येक घराच्या परसात रचून ठेवतात. पावसाळ्यात चूल तिच्यावर चालते. हैदर दोन महिने पारावर येऊन बसला आणि प्रत्येकाला पटवत राहिला. पारावरच्या सगळ्यांनी मान डोलावली. हाव हाव, म्हणजे हो हो, म्हणाले. एकही ढीग हलला नाही.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हैदरने कृषी सहायकामागे लागून बारा कामगंध सापळे आणले. प्लास्टिकचं नरसाळं, खाली पिशवी, वर मादीच्या वासाची रबरी गोळी; वासाला भुलून नर पतंग येतो आणि पिशवीत अडकतो. बारा घरांच्या परसात बारा सापळे टांगले. रोज सकाळी सातपर्यंत पतंग मोजून आकडा हैदरला धाडायचा. पहिले काही दिवस हा पतंग नक्की तोच का म्हणून त्याने फोटो ओळखणाऱ्या एका वेबसाईटला विचारलं. तिने सांगितलं, वाळलेलं पान. हैदरने चौदा वेळा तिची चूक तिला कळवली. शेवटी कृषी सहायकाने नुसत्या डोळ्यांनी पाहून तोच आहे म्हणून सांगितलं.

आकडे तो फोनमधल्या तक्त्यात भरायचा आणि तक्ता नकाशाच्या वेबसाईटवर चढवायचा. गावाचा उपग्रहातला फोटो, त्यावर सापळ्यांच्या बारा घरांचे ठिपके. जिथे पतंग जास्त तिथे रंग लाल, आणि तो लाल आजूबाजूलाही पसरलेला. नेट फक्त पाण्याच्या टाकीजवळ धड मिळायचं, म्हणून हे सगळं टाकीच्या पायरीवर बसून चालायचं. मे महिन्यात नकाशा तयार झाला आणि मलाही, खरं सांगायचं तर, त्याचा अभिमान वाटला. शाळेचा प्रोजेक्टर मीच मिळवून दिला.

शाळेच्या भिंतीवर गाव उमटलं तेव्हा माणसं पुढे सरकून बसली. प्रत्येकजण आपापलं घर शोधत होता. एकच घर लालभडक होतं, उकंडराव घाटोळांचं. उकंडराव म्हणजे पासष्टीचे, बारा एकरांचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हैदरच्या दुकानासमोरच्या गल्लीपलीकडे त्यांचं परस. हैदरने बोट ठेवून सांगितलं की सगळ्यात जास्त पतंग उकंडरावकाकांच्या ढिगातून निघत आहेत, तेव्हा सुरुवात तिथून व्हावी. मी मान डोलावली. कुणीतरी हसलं. उकंडरावांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ढीग पेटवून दिला. तासाभरात पावसाळ्याचं सरपण संपलं. हैदरला वाटलं, आपलं काम सुरू झालं. पण दुसरा ढीग काही पेटला नाही, आणि उकंडरावांनी हैदरकडे बघणं सोडलं.

सापळा मात्र त्यांच्या घरून निघाला नाही. पतंग मोजायच्या त्या रुख्मिणीकाकू, उकंडरावांच्या बायको. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्या फोनवर आवाज धाडायच्या. त्यात राम राम नाही की बरं आहे का नाही, नुसता आकडा. ढीग जळल्यावर तो कमी व्हायला हवा होता. त्या म्हणाल्या, तेरा. मग पंधरा. मग सतरा.

हैदरने आधी गोळी शिळी झाली असेल म्हणून ती बदलली. मग पिशवी फाटली असेल म्हणून पिशवी बदलली. मग त्याच्या मनात आलं की काकू रागाने वाढवून सांगत असतील. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. तरी तो एका सकाळी स्वतः मोजायला गेला. एकोणीस भरले. काकूंनी पिशवी धरली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुह्या घरी सापळा हाये काय, हैदर?"

नव्हता. बारा सापळे दुसऱ्यांच्या घरी लावायचे हेच त्याच्या डोक्यात होतं. दुकानामागेच त्याचं घर, आणि परसात स्वतःची पऱ्हाटी होती, शिवाय गावभरातून आलेल्या कवडीची सोळा पोती, सरकीसकट. आणि गावाला सापळे वाटणाऱ्या या शहाण्याने आपलं घर नकाशातून वगळलं होतं. त्याच संध्याकाळी त्याने वेशीजवळचा एक सापळा काढून दुकानामागे टांगला. सकाळी त्यात चौतीस पतंग होते. वेबसाईटला जिथला आकडा मिळाला तिथलाच रंग तिने दाखवला होता. सगळ्यात जवळचा सापळा गल्लीपलीकडे होता, म्हणून उकंडरावांचं घर लाल झालं.

हैदर फोन घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला अगदी मास्तरी सल्ला दिला की एक ठिपका गुपचूप वाढव, पोती हलव, ढीग जाळ, कशाला बोभाटा. आज हे लिहिताना मला त्या सल्ल्याची शरम वाटते. हैदरने ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"ज्या भितीवर काकाचं घर लाल दाखोलं, गुर्जी, त्याच भितीवर माहं दाखोतो," तो म्हणाला. "तुमी फक्त मशीन द्या."

मशीन म्हणजे प्रोजेक्टर. तो पुन्हा लागला. या वेळी भिंतीवर हैदरचं घर लाल होतं आणि त्याचा आवाज पहिल्या वेळेपेक्षा मोठा होता, कारण घाबरला की तो मोठ्याने बोलतो. त्याने काही लपवलं नाही. सापळा आपल्या घरी लावला नव्हता, कवडीची पोती आपल्याकडे आहेत, उकंडरावकाकांचं नाव आपण चुकीचं घेतलं, हे सगळं त्याने सांगितलं. लोक हसले, आणि बरेच हसले. यापुढे तुझ्या फोनचं कोण ऐकेल असंही एकजण म्हणाला. हैदर उभाच राहिला. माझी माफी मान्य नसेल तर काय करू ते काकांनी सांगावं, म्हणाला.

उकंडराव शेवटच्या रांगेत होते. ते उठले तेव्हा हसू बंद झालं.

"तू नाव घेतलं, काडी मी लावली," ते म्हणाले. "सरपन तिचं व्हतं. तिले जाऊन सांग."

हैदर दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला लागला. दुकानामागचा ढीग आणि सोळा पोती त्याने गावाबाहेर नेऊन पेटवली. मग धुराच्या वासाने भरलेल्या अंगाने मला बोलवायला आला, साक्षीला म्हणून. आम्ही घाटोळांकडे गेलो तेव्हा काकू तुटक्या टोपल्या मोडून चूल पेटवत होत्या. घरात धूर भरला होता आणि भाकरी अर्धी कच्ची होती. उकंडराव खाटेवर बसले होते. हैदर चुलीपाशी खाली बसला आणि त्याने माफी मागितली, डोळ्यांत पाणी आणून मागितली. काकूंनी चहा दिला. मला वाटलं, मिटलं.

मग हैदर जरा सावरून बसला आणि म्हणाला, "काकू, म्या बी आज माह्या घरचा ढीग जाळून आलो."

"नूरजहांले इचारलं व्हतं?"

नूरजहां ही हैदरची बायको. त्याने विचारलं नव्हतं. ती उठायच्या आधीच तो पोती ओढायला लागला होता.

काकूंचा आवाज चढला नाही, पण त्या थांबल्याही नाहीत. "शेवटचा वेचा झाला की पराटी आमी उपटतो. डोक्यावर आमी आनतो, रचतो आमी. तू दोन मयने पारावर सांगून राह्यला. पारावर आमच्यातलं कोन बसते रे? त्या मान्सांनं हाव म्हटलं अन् तुले खरं वाटलं."

उकंडरावांनी मान खाली घातली. मीही घातली, कारण त्या पारावर मीही बसतो. हैदरने उरलेला चहा तसाच ठेवला आणि तो घरी गेला.

घरी काय झालं ते मला नूरजहांनेच नंतर सांगितलं. ती रागावली होती, आणि तिने राग लपवला नाही. पावसात पाच माणसांचं कशावर शिजवायचं ते आता तूच तुझ्या फोनला विचार, म्हणाली. पण हैदर जागचा उठला नाही. आता काय करायचं, एवढंच विचारत राहिला. तेव्हा ती म्हणाली की मला आधी विचारलं असतं तर आधी दुसरं सरपण आणायला लावलं असतं आणि मग ढिगाला मीच काडी लावली असती. गावातली कुठलीही बाई हेच म्हणेल.

ती आणि रुख्मिणीकाकू त्याच दुपारी घरोघर निघाल्या. त्यांची अट साधी होती. ज्या घरच्या पुरुषाने नाल्याकडची बाभूळ तोडून पावसाळ्याचं सरपण आणून टाकलं, त्या घरची पऱ्हाटी तिथली बाई जाळेल. सगळ्यांच्या आधी उकंडराव आणि हैदर कुऱ्हाडी घेऊन नाल्यावर गेले. पहिले दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हैदरच्या तळव्यात काटा मोडला आणि तो काढताना उकंडराव त्याला दहा मिनिटं रागावले. तिथून बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही.

हैदरने नकाशा बंद केला नाही. रोज आकडे येत होते. तो टाकीच्या पायरीवर बसून लाल फिका होताना पाहायचा आणि जिथे फिका होत नव्हता त्या घराच्या बाईला जाऊन भेटायचा. मृगाला चार दिवस राहिले तेव्हा गावातले थोडेच ढीग उरले होते.

त्या दिवशी मीही घरी गेलो. आमचीही चार एकर कपाशी आहे, आणि परसात आंघोळीच्या पाण्यापुरता ढीग असतो. मी सुभद्राबाईंना, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, हैदरची सगळी गोष्ट नीट समजावून सांगितली. रुख्मिणीकाकू कशा बरोबर बोलल्या तेही सांगितलं. मग खुर्चीत सरळ बसून, जमेल तितक्या नम्रपणे विचारलं की आपला ढीग जाळायला तुमची हरकत नाही ना.

त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आपला तं मंगळवारीच जाळला," त्या म्हणाल्या. "नूरजहां आलती. उकंडरावनं आपल्यासाठी बाभूळ टाकून देल्ली. तुमी पारावर व्हते."