निवडीच्या दिवशी दारात विठोबामामा

शिवअण्णा गेला.

आमच्या शाळेच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन.

सकाळी कलबुर्गीहून त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, अप्पा गेले. झोपेतच." मी म्हणालो, बरं झालं, अंथरुणाला खिळून राहायचा त्याचा स्वभावच नव्हता. मग फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं.

नव्वदी ओलांडलेल्या माणसाची पोस्ट कोण वाचतंय, असं नात म्हणते. वाचा, नका वाचू. लिहितो.

निजामाचं राज्य होतं. बिदरच्या हायस्कूलला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी संतपूरच्या शेतकऱ्याचं पोरगं. तो लिंगायत, घरी कन्नड, माझ्याशी मराठी, मास्तरांशी उर्दू. माझ्यापेक्षा एक वर्ष पुढं.

मला टीममध्ये जायचं होतं. त्या वयात दुसरं काहीच नको होतं.

शिवअण्णा रोज पहाटे मला किल्ल्याच्या अंगानं पळवायचा. मागून ओरडायचा, "पळ की रे! बॉल नेयलास का बैल हाकायलास?"

सिलेक्शनचा दिवस आला. असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, नमाजीनंतर मैदानावर हजर व्हायचं, असं ड्रिल मास्टर साहेबांनी बजावलं होतं.

दुपारी मी खोलीत पडलो होतो. बाहेर आवाज आला. आमच्या गावचा विठोबामामा.

"या मामा, बसा. पाणी आणतो," शिवअण्णा म्हणाला.

"पाणी नको."

"आत तरी या."

"उंबरा न्हाई वलांडायचा मला."

शिवअण्णाला कळलं. आत मलाही कळलं. आमच्याकडं मयताची खबर घेऊन आलेला माणूस खबर दिल्याशिवाय पाणी पीत नाही, घरात शिरत नाही.

"कोण?" शिवअण्णानं हळूच विचारलं.

"ह्याचा मोठा चुलता. तात्या. परवा रात्री गेले. काल सकाळी उरकलं समदं."

तात्यांनीच मला शाळेत घातलं होतं. वडील नको म्हणत होते, तात्या त्यांच्याशी भांडले होते.

आता सुतकाचं असं आहे, की ते ऐकल्यापासून लागतं. ज्याच्या कानावर गेलंच नाही, त्याला सुतक नाही. आणि लागलं, की कुणाला शिवायचं नाही. अंगाला अंग लागल्याशिवाय फुटबॉल कसा खेळणार?

शिवअण्णाच्या घरी सुतक पाळत नव्हते. पण आमचे नियम त्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ.

"मामा, माती तर झाली. तोंड काही दिसणार न्हाई आता. दिवस मावळल्यावर सांगा की. त्याचं सिलेक्शन हाय आज."

"आन् तवर मी?"

"तुम्ही त्या लिंबाखाली पडा."

"कालपासून घशात थेंब न्हाई, लेकरा."

"मग प्या की पाणी! कोण बघायलंय?"

"मी बघायलोय न्हवं?"



मामा लिंबाखाली जाऊन बसला. थांबायला तयार झाला, पण पाण्याला नाही.

मी आत डोळे मिटून पडलो. माझे कान आधीपासून तिखट. झोपेचं सोंग घेतलं असतं, तर मैदान माझंच होतं. पण मामा खोकायला लागला. कोरडा खोकला. थांबायचा, परत खोकायचा.

शेवटी उठून बाहेर गेलो. "मामा, ऐकलंय मी. तात्या गेले."

मामा आधी रडला. मग म्हणाला, "आता आण पाणी."

पण आता माझ्या हातचं चालत नव्हतं. शिवअण्णानंच तांब्या आणला. मामाच्या ओंजळीत धार धरली होती आणि मला शिव्या देत होता.

"कान हैत का काय हैत तुझे! एक दिवस बहिरं व्हायला काय झालतं रे?"

मी गावाकडं निघालो. दिवस करून, डोकं भादरून परत आलो, तर टीम ठरलेली. ड्रिल मास्टर साहेबांनी माझ्या टकलाकडं बघितलं. "टीम तो बन गई बेटा. अगले साल आना."

पुढच्या साली निजामाविरुद्ध गडबड सुरू झाली, शाळा बंद पडली. घरच्यांनी मला सोलापूरकडं पाठवलं. तिथं हमाली केली, मग दलाली, मग स्वतःची अडत. व्यापारी माझ्यासमोर कन्नडात, तेलुगूत कुजबुजायचे. ह्याला काय कळतंय, असं त्यांना वाटायचं. मला सगळं ऐकू यायचं आणि कळायचं; त्यावरच माझं घर उभं राहिलं.

आणि जन्मभर सगळ्यांना सांगत आलो: "सिलेक्शनच्या दिवशीच मयताची खबर आली, न्हाईतर मी टीममध्ये असतो." पोरांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, गिऱ्हाइकांनासुद्धा सोडलं नाही. शिवअण्णा शेजारी असला तर मान डोलवायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडं गेलो होतो. सहज विचारलं, "अण्णा, मी त्या दिवशी बाहेर आलोच नसतो तर घेतलं असतं का रे मला?"

त्यानं चहा बशीत ओतला. "न्हाई."

"कामून?"

"तू पळायलास का झोपायलास तेच कळत न्हवतं. साहेबांनी आदल्या दिवशीच सांगितलतं, 'उसकू नईं लेता मैं.'"

"मग त्या मामाला तहानलेलं कामून बसवलास?"

"न्हाई म्हणायचं ते साहेबांनी तुझ्या तोंडावर म्हणावं म्हणून. मैदानावर गेलाच न्हाईस, तर जन्मभर बोलत बसशील, असं वाटलं मला."

मग बशी खाली ठेवून हसला. "बसलासच की!"

मला राग आला. "एवढी वर्षं गप कामून ऱ्हायलास मग?"

"तू लई रंगवून सांगायचास. कोण मोडंल?"

 चहा संपवला आणि निघालो.

आता मला खोटं पाडणारं कुणी राहिलं नाही. म्हणून मीच सांगून टाकतो.

मला टीममध्ये घेतलं नसतं.

त्याला ते माहीत होतं. आणि माझ्या पोराबाळांसमोर त्यानं ते कधी कळू दिलं नाही.

अण्णा, तुझ्याच भाषेत शेवटचा नमस्कार: शरणु.