शेवट सांगायचा नाई

आमच्या नागभीडच्या वाचनालयाचा उलटाच कारभार आहे. लोक पुस्तकं घरी नेतात अन् परत आणत नाई. किस्से घरून आणतात अन् इथीच टाकून जातात! कपाट अर्धं रिकामं आहे, पण बाकावर बसा, उठवत नाई. त्यातले एकाच कादंबरीचे सांगतो. नाव नाई सांगत. नावातच अर्धा खुनी आहे.

*

पहिले नियमाचा किस्सा. तो माझ्यामुळेच झाला.

मी रहस्यकथा वाचली की पहिल्या पानावर पेन्सिलनं बारीक लिहून द्यायचो, ‘खुनी : मोलकरीण’. मोलकरीण त्या पुस्तकात राहतच नसे! सिडाम भाऊ, म्हणजे आमचे ग्रंथपाल, एकदा सगळी कादंबरी मोलकरीण शोधत वाचून आले.

“काऊन बे पप्पू, मोलकरीण कुठी आहे?”

“तेच तर रहस्य आहे ना भाऊ!”

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली. ‘शेवट सांगेल त्याचं कार्ड जप्त. खरा असो का खोटा.’ खाली लहान अक्षरात, ‘पप्पू, हे तुझ्यासाठी.’

*

मग ती कादंबरी आली. नवी कोरी, अन् एकच प्रत. जंगलातला बंगला, विजेची लाईन गेलेली, पाच पाहुणे, आतून कडी लावलेली खोली अन् खोलीत मुडदा. आता आमच्याकडे जंगल अन् गेलेली लाईन यात काय नवल? पण मुडद्यानं लोक येडे झाले!

राऊत कंडक्टर ड्युटीवर वाचून राह्यला होता. एकदा ब्रह्मपुरीच्या बाईले तिकीट फाडून देता देता म्हणाला, “तुमचा त्या बागेतल्या माळ्यावर संशय नाई ना?” बाई पुढच्या स्टॉपवर उतरली!

कोणी शेवटापर्यंत पोचायच्या आधीच, हातोहात फिरून पुस्तकाची पाठ मोडली. सिडाम भाऊनं आणखी एक फाटकं पुस्तक सोबत देऊन ते बाइंडिंगले पाठवलं, जब्बारचाचाकडे. चाचानं लाल कापड लावून असं मजबूत बांधलं की आता दोन पिढ्या हलत नाई.

*

बाइंडिंगनंतर पहिले सिडाम भाऊनं वाचून संपवलं. सकाळी खुर्चीत बसले, चष्मा काढला, अन् पंख्याकडे पाहत राह्यले.

“कसा आहे शेवट?”

त्यांनी बोटानं फक्त पाटी दाखवली. मग हळूच म्हणाले, “शॉक आहे बे.”

त्यानंतर राऊत. “जिंदगीत असा शेवट नाई वाचला,” एवढंच बोलला. अन् रविवारी आमच्या घरी जेवाले आला, तर मटणाले हात लावला नाई! राऊत! जो लग्नाच्या पंगतीत वाढप्याले सोडत नाई!

मी म्हटलं, काय लिहिलं असन बावा यानं?

*

माझा नंबर आला. मी वाचत गेलो. शेवटी सगळे पाहुणे एका खोलीत. लेखक लिहिते, ‘खुनी आपल्यातच आहे. तिनं कंदील वर केला. दाराशी उभा होता तो...’

पान उलटलं.

‘उस्मानाबादी बोकड. रंग काळा, कान लांब. वर्षभरात वजन चांगलं भरते.’

मी पुस्तक खाली ठेवलं. पाणी पिलं. परत उचललं. बोकड तिथंच होता. पुढं गोठ्याचा उतार, जंताचं औषध अन् समाप्त!

मले ट्विस्ट आवडते. पण मी बी बसल्या जागी गार पडलो.

सकाळी मी पाटीसमोर उभा राहून म्हटलं, “भाऊ, कार्ड घ्या. पण सांगा, तुमच्या शेवटात बी शेळ्या आहेत का?”

सिडाम भाऊ ताडकन उठले. “तुझ्यात बी? मले वाटलं नवीन लेखक आहे, मॉडर्न लिहून राह्यला!”

बाकावरून राऊत म्हणाला, “मी तर बोकडालेच खुनी धरून बसलो होतो.”

*

हसून पोट दुखलं, पण तोवर पुस्तक मेश्राम बाईंनी नेलं होतं. बाई रिटायर शिक्षिका, आम्हाले सगळ्यांले त्यांनीच शिकवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंग लावून ओळ-ओळ वाचत त्या बोकडापर्यंत पोचल्या अन् सरळ आमच्यावर आल्या.

“पोट्ट्या, शेवट कुठी आहे?”

“बाई, ऑपरेशन करून घ्या, तोवर शोधतो.”

“खुनी समजल्याशिवाय मी टेबलावर झोपत नाई. उद्या डोळ्याले काही झालं तर मंग कोण वाचणार?”

त्यांची पोरगी रोशनीताई मले बाजूले घेऊन रडली. “डॉक्टर म्हणते मोतीबिंदू पिकला, आता थांबलं तर डोळा जाईन. आईनं तारीख एकदा टाळली. तू पाहा रे काहीतरी.”

मस्करी खल्लास!

*

जब्बारचाचा म्हणाले, “बेटा, उस दिन दो किताबें थी. एक खून की, एक बकरी की.” म्हणजे बांधताना दोघांची शेवटची पानं अदलाबदल झाली होती!

शेळीपालनाचं पुस्तक जवळच्या खेड्यातल्या दादाजीकडे होतं. मी अन् राऊत गाडीनं गेलो, तर तिथं वेगळाच तमाशा! गोठ्याच्या फाटकात दादाजी काठी घेऊन उभा. बाहेर जनावरांचे डॉक्टर, बॅग घेऊन, घामाघूम.

“लसीकरण आहे दादाजी, आत येऊ द्या!”

“डॉक्टरले आत घ्यायचं नाई! पुस्तकात साफ लिहिलं आहे, शेवटल्या पानावर. सरकारी पुस्तक आहे, खोटं कशाले लिहीन?”

मी पुस्तक हातात घेतलं. शेवटचं पान वाचलं. राऊतनं वाचलं. आम्ही एकमेकाकडे पाहिलं.

खुनी डॉक्टरच होता. डोळ्यांचा डॉक्टर! लई गोड बोलते, आधी थेंब टाकते, मग म्हणते, “आता वर पाहा.”

*

मी बाईंकडे गेलो. आयुष्यभर खोटे शेवट सांगितले, त्या दिवशी खरा हातात होता अन् तो सांगायची सोय नव्हती.

“बोल, कोण?”

“माळी, बाई.”

“मले वाटलंच होतं!” बाईंनी टाळी वाजवली. “रोशनी, बॅग भर.”

ऑपरेशन झालं. चंद्रपूरहून बाई आल्या, काळा चष्मा लावून. मी पेरू घेऊन भेटाले गेलो. बाईंनी चष्मा सरकवून मले नीट पाहिलं. डोळा एकदम साफ झालेला.

“तू खोटारडा आहेस.”

“काऊन बाई?”

“टेबलावर मी डॉक्टरले म्हटलं, मले आता काही टेन्शन नाई, माळीच खुनी होता. त्यानं कादंबरीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं थेंब टाकले, अन् लई गोड आवाजात म्हणाला, ‘माळी नव्हता, आजी. आता वर पाहा.’”