आधी सुई

माझी यादी गावच्या घरी फ्रिजवर चिकटवलेली होती. चार ओळी, मोठ्या अक्षरात. पहिली सुई. दुसरी, तबकडी फिरवणाऱ्या मशीनचा पट्टा. तिसरी अँप्लिफायर. आणि शेवटी, पैसे उरले तर, स्पीकर. यादी वरून खाली वाचतात हे पन्नाशीला आलेल्या माझ्या धाकट्या भावाला समजावून सांगावं लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

उंब्रजच्या घरात आबांचा रेकॉर्ड प्लेयर आहे, फौजेत असताना घेतलेला. आणि एक तबकडी आहे, गावच्या बायकांच्या भजनी मंडळाची. पहिल्या बाजूचं शेवटचं कडवं आई एकटी गाते. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या आवाजाचं दुसरं काहीही आमच्याकडे नाही. आबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्यांनी एवढंच मागितलं, "तिचं कडवं येकदा नीट ऐकवा."

मी साताऱ्याहून भावाला पैसे पाठवले, सोबत यादी. खाली लाल अक्षरात लिहिलं: नवी सुई बसेपर्यंत तबकडी लावायची नाही. बसली की आधी मोबाइलवर कॉपी, मग ऐकणं.

आठवड्याने फोन केला तर भाऊ म्हणाला, "ताई, स्पीकरचं बॉक्स आलं! इस्लामपुरास्नं. मिरवणुकीचं बॉक्स बनवतो त्यानंच केल्यात. कमरंएवढं हायत."

"आणि सुई?"

"जुनी हाय की. चालतीया. आगं, पावणं आलं की बॉक्स बघत्यात. सुई कोण बघतंय?"

सुई शेवटी मीच मागवली आणि वाढदिवसाच्या आदल्या सकाळी एसटीने घेऊन गेले. दोन्ही बॉक्स काचेच्या बुटक्या कपाटावर, त्यांच्या मधोमध प्लेयर. सुई धरणाऱ्या दांडीच्या टोकावर, बरोबर सुईच्या डोक्यावर, चिकटपट्टीने लावलेलं दोन रुपयांचं नाणं.

"हे काय आहे?"

"बॉक्स वाजलं की कपाट हलतंय, सुई उड्या मारायची. नाणं ठिवलं, गप बसली." वर हसला.

"किती वेळा लावलीस?"

"मोजतंय कोण! गल्ली गोळा केली हुती. आईचंच कडवं परत परत लावलं. लय खूश झाली लोकं."

झिजलेली सुई, वर नाण्याचं वजन. तबकडीवरच्या बारीक सरींत नांगर घातल्यासारखंच ते; आवाज असतो तो त्या सरींतच. मी नाणं उपटलं, नवी सुई बसवली, बॉक्स खाली ओढले आणि तबकडी लावली. मंडळ गायलं, खरखरत का होईना. मग आईचं कडवं आलं. तळण टाकल्यासारखा चरचराट, आणि त्याच्या मागे कुठेतरी कोणीतरी बाई.

आबा खुर्चीत पुढे वाकले. "ही न्हाई," ते म्हणाले. "ती आशी घोगरी न्हवती."

भाऊ म्हणाला, "आवं आबा, तीच हाय की. आवाज वाढवू का?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारीण दारात येऊन परत गेली एवढं सांगते. तो एकच वाक्य घोकत होता, "मला काय म्हाईत?" माहीत नव्हतं? लाल अक्षरात लिहिलेलं होतं, रोज दुधाची पिशवी काढताना डोळ्यांसमोर!

वाढदिवसाला पाहुणे आले आणि त्यांनी बॉक्स पाहिले. "जोरात हाय गड्या," म्हणाले. तो खरोखर खूश दिसला.

सगळे गेल्यावर मी तबकडी उलटी केली. ही बाजू गल्लीला ऐकवण्याइतकी कोणाला आवडली नव्हती, म्हणून वाचली होती. या बाजूला आई एकटी कुठेच नाही; पंधरा बायका एका सुरात. मी मोबाइल सुरू करून शेजारी ठेवला आणि आवाज हळू केला. आबांनी डोळे मिटले, हात कानामागे धरला. तिसऱ्या ओळीला त्यांचं बोट उठलं.

"ही. ही बघ ती."

मला ओळखू आली नाही. मी दांडी उचलली, मागे नेली, त्याच ओळीवर परत ठेवली.