आधी समोरच्याचं

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर एक मुलगा आणि मुलगी वाद घालत होते. तिचा आवाज चढला, तसा तो थांबून म्हणाला, "म्हणजे तुझं म्हणणं, मी सगळ्यांसमोर तुला बोलू दिलं नाही. बरोबर?"

"हो, हेच," ती म्हणाली आणि उरलेला समोसा त्याच्याकडे सरकवला.

मी न राहवून विचारलं, हे कुठे शिकलात. तो मुलगा म्हणाला, "शांतिशिक्षणाच्या तासाला शिकवतात, मॅडम. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं, तो हो म्हणाला की मग आपलं."

माझ्या पोटात दुखलं. याच विद्यापीठात आम्हाला वादविवाद शिकवले, समोरच्याचा मुद्दा खोडल्याबद्दल करंडक दिले. माझे आणि नवऱ्याचे करंडक कपाटावर अजून शेजारी शेजारी आहेत.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "तू माझं ऐकूनच घेत नाहीस."

मी घाईघाईनं म्हटलं, "म्हणजे तुझं म्हणणं, मी तुझं ऐकून घेत नाही. बरोबर?"

"टोमणे नको मारूस."

त्या मुलीचा पुन्हा हेवा वाटला. ती दोघं एकाच तासाला बसत होती. तसे आम्हीही एकाच वर्गात बसायचो, पण तिथे जिंकायला शिकवत.