मुलाचा मॅक

"आधी रिफ्रेश, मग काम," असं म्हणून काका माउसचं उजवं बटण दाबायचे आणि स्क्रीन तीन-चार वेळा रिफ्रेश करायचे. त्याने नेमकं काय होतं, हे त्यांना सांगता यायचं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे. अख्खी नोकरी विंडोजवर काढलेले काका सदाशिव पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. सोसायटीच्या नोटिसा तेच टाइप करत, आणि त्या वाचून पाहुणेसुद्धा जिन्यात हळू बोलत.

त्यांचा एकुलता एक मुलगा आयटीत होता. अपघातात गेला. दिवसकार्य उरकल्यावर काकांनी त्याचा मॅक, म्हणजे ॲपलचा लॅपटॉप, आपल्या टेबलावर मांडला आणि स्वतःचा जुना कंप्यूटर चादरीखाली झाकून टाकला.

मग मला हाका सुरू झाल्या.

"अरे, कंट्रोल दाबून कॉपी होत नाहीये."

मी कमांडचं बटण दाखवायचो.

"आणि बंद करायचं बटण डावीकडे?"

ते दाबूनही प्रोग्रॅम आत चालूच राहतो म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे आपले पाहुणे. निघतो म्हणतात आणि दारात तासभर उभे." रिफ्रेश तर तिथे नव्हतंच. साध्या नोटिशीला अख्खी दुपार जायची. मला ते बघवायचं नाही.

शेवटी मी म्हणालो, "काका, यातलं सगळं पुसून विंडोज घालून देतो. तुमचे हाल तरी थांबतील."

"पुसायचं नाही," काका म्हणाले. "तो दिवसभर याच बटणांवर काम करायचा. मला ते कधी बघायलाच मिळालं नाही रे."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

हळूहळू त्यांचा हात बसला. एकदा माझ्या विंडोजवर काहीतरी कॉपी करायला बसले आणि सवयीने कमांडच्या जागचं बटण दाबत राहिले. होईना. "बघ, मला आता तुमचं येईनासं झालं!" म्हणाले. इतके खूश झाले होते की खाली जाऊन काकूंनाही सांगून आले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले.

परवा काकूंनी बोलावलं. मॅक टेबलावर होता. मी विचारलं, "काकू, शिकवू का?"

"नको रे, मला कुठे टाइप करायचंय? हे सकाळी उघडायचे, तेव्हा आधी त्याचा फोटो आणि नाव यायचं. तेवढंच कसं आणायचं ते दाखव."

मी झाकण उघडून एक बटण दाबलं. हसरा फोटो आला, खाली नाव, त्याखाली पासवर्डची रिकामी जागा. काकू खुर्ची ओढून समोर बसल्या.

"आता काही दाबू नकोस," त्या म्हणाल्या.