पांढऱ्या रुईचा पाला

मी अमावास्येला नवी गाडी घरी आणलेली बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मला मांजराची काळजी वाटते, स्वतःची नाही. बारावीला जीवशास्त्र शिकवते... वर्गात दरवर्षी कुणीतरी भुताखेतांचा विषय काढतंच आणि त्याची यथास्थित खेचून मी पुढच्या धड्याकडे वळते. इथे लोक टाकतात ते असले अनुभव वाचते तेसुद्धा, खरं सांगू का, चहाबरोबर टाइमपास म्हणून. आज स्वतः लिहायला बसलेय. हसायचं तर हसा, मीही हसले असते.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. गच्चीचा जिना घरातूनच आहे आणि वरच्या लोखंडी दाराला कुलूप असतं. घरात आम्ही चौघं - मी, माझा नवरा सुनील, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. मुलगी शिकायला पुण्याला आहे.

मला फुलपाखरं वाढवायचा नाद आहे. गच्चीवर निळा ड्रम अर्धा कापून त्यात रुई लावलीय. लोक घरात गुलाब लावतात, आमच्याकडे रुई, यावरून शेजारणी मला पुष्कळ बोलून घेतात. रुईवर बिबळ्या कडवा नावाचं नारिंगी फुलपाखरू अंडी घालतं. अळ्या निघाल्या की मी त्या धुण्याचे कपडे ठेवायच्या उभ्या जाळीच्या पिशवीत ठेवते, म्हणजे मुंग्या आणि पक्षी लागत नाहीत. रोज ताजा पाला घालायचा, लेंड्या झाडायच्या, चेन लावायची... बास. एकच अडचण, या अळ्यांना रुईच लागते. गच्चीवरचा कढीपत्ता द्या, लिंबाचा पाला द्या, उपाशी मरतील पण तोंड लावणार नाहीत.

गेल्या वर्षापासून हे काम मामांकडे होतं. मामा मूळचे म्हसवडकडचे. सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण जेवण झालंय की नाही हेही कधीकधी त्यांना सांगावं लागायचं. अळ्यांचा पाला मात्र एक दिवस चुकला नाही. पाला तोडायचा, घोंगड्याच्या दशीतून एक काळा धागा ओढायचा, जुडी बांधायची आणि पिशवीत ठेवायची. अळ्यांना ते कोकरं म्हणायचे. मी एकदा चिडवलं, "मामा, ही कसली कोकरं, ना लोकर ना काही." तर म्हणाले, "शिंगं हायती की त्यास्नी. बघ नीट." खरंच असतात, बारीक काळी, शिंगांसारखी. सगळं जग पुसट होत चाललेल्या त्या माणसाला एकच काळजी उरली होती - कोकरं उपाशी राहू नयेत.

आता त्या शनिवारचं सांगते. माघाचे दिवस होते. आत्या शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, मामांना बरं वाटावं म्हणून. माळ देवळाबाहेर विकत मिळते, पण त्या दिवशी माळवाली आलीच नव्हती. आत्या घरी परत आल्या, गच्चीवर गेल्या आणि ड्रममधल्या रुईचं पान न् पान तोडून स्वतः माळ ओवली. देवाचं काम, त्यात गैर काय असं त्यांना वाटलं. मी कॉलेजला होते, सुनील कुपवाडला कंपनीत. आत्या माळ घेऊन देवळात गेल्या आणि परत येऊन बघतात तर पुढचं दार सताड उघडं. मामा नाहीत. खाटेवरचं घोंगडंही नाही.

काय झालं असेल ते आम्हाला लगेच कळलं. पाला काढायला गेले, झाड ओरबाडलेलं दिसलं, म्हणून पाला शोधायला बाहेर पडले. समोरच्यांच्या कॅमेऱ्यात खांद्यावर घोंगडं टाकून मेन रोडकडे जाताना दिसलेही. आम्ही रुई उगवते अशी एकेक जागा पालथी घातली. रिकामे प्लॉट, रेल्वेच्या कडेचा भाग, कालव्याचा बांध. पोलिसांत तक्रार दिली, सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला, म्हसवडच्या पाहुण्यांना फोन केले. ते म्हणाले, इकडं आले नाहीत. रात्र तशीच गेली. आत्या एकच बोलत राहिल्या, "माझ्याच हातानं केलं गं. देवाला माळ घातली आन् ह्यास्नी घालवलं." मी त्यांच्यावर वसकन ओरडले, की आता हे बोलून काही उपयोग आहे का. ओरडले कारण मलाही तेच वाटत होतं.

रविवारी सकाळी उजाडल्यावर गच्चीवर गेले. अळ्यांना आदल्या दिवसापासून काही मिळालं नव्हतं, मेल्या असतील असं धरूनच चालले होते. बघते तर पिशवीत ताज्या पाल्याची जुडी आणि सगळ्या अळ्या त्यावर तुटून पडलेल्या. मला आत्यांची दया आली. पश्चात्तापानं कुठून तरी आणून घातला असणार. त्यांना आणखी टोचायला नको म्हणून मी काही विचारलं नाही. धाग्याकडे माझं लक्षही गेलं नाही. तो सगळा दिवस आम्ही मिरज स्टेशन आणि तिथली हॉस्पिटलं बघण्यात घालवला. बेवारस म्हणून आणलेल्या एका म्हाताऱ्याचा चेहरा बघायला सुनीलला आत बोलावलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर मी काय अवस्थेत बसले होते ते मला लिहिता येणार नाही. मामा नव्हते ते.

संध्याकाळी गच्चीच्या दाराला मी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. मुद्दाम नव्हे, सगळ्या किल्ल्या एकत्र असाव्यात म्हणून.

सोमवारी सकाळी कुलूप काढून वर गेले. पिशवीत नवी जुडी होती.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. रुईचं पान तोडलं की देठातून दुधासारखा चीक येतो. थोडा वेळ टपकतो, मग गोठतो आणि पांढरा डाग राहतो. त्या जुडीच्या देठांतून चीक टपकत होता. माझ्या डोळ्यांदेखत एक थेंब जाळीतून खाली फरशीवर पडला. म्हणजे पाला नुकताच तोडलेला होता, मी जिना चढत असताना म्हणा. जुडीला काळा लोकरीचा धागा होता. आणि पानांमध्ये रुईच्या फुलांचा एक घोस होता, पांढऱ्या. आमच्या भागातली सगळी रुई जांभळट फुलांची. वर्गात दाखवायला म्हणून पांढरी मी कितीतरी दिवस शोधत होते, मला कुठेही सापडली नव्हती. सगळ्यात मोठी अळी वर चढून चेनीला उलटी लटकली होती, कोष करायच्या आधी लटकतात तशी. मी जुडी उचलली. डोकं हिशेब मांडत होतं... शेजारच्या गच्चीवरून कुणी उडी मारली असेल? मधे चांगलीच मोठी बोळ आहे. वानरं? वानरं पाला नेतात, आणून देत नाहीत.

खाली स्वयंपाकघरात आत्यांसमोर जुडी धरली. "आत्या, हा पाला तुम्ही टाकलात?"

"म्या? म्या आता त्या झाडाकडं बघत बी न्हाई." मग त्यांनी धागा बघितला आणि आहे तिथे खाली बसल्या. "ही ह्येंची गाठ हाय. कोकराच्या दाव्याला अशीच मारत्यात."

"कालही होता पाला. मला वाटलं तुम्हीच..."

त्या रडल्या नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मग गेलं गं त्ये. माणूस असं येतंय त्ये गेल्यावरच."

"काही गेलेबिले नाहीत," मी म्हणाले. मला तो पाला फेकून द्यावासा वाटत होता आणि हातातून सोडवतही नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पांढऱ्या फुलांची रुई तुम्ही कुठे बघितलीय का?"

"आमच्या वाडग्यापाशी हाय की. ह्येंनीच आणून लावलीया, मारुतीच्या माळंला." वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची जागा, दगड रचून केलेली. म्हसवडच्या अलीकडे फाट्यापासून आत माळावर ते आहे. मेंढरं विकली त्याला बरीच वर्षं झाली, आता तिकडे कुणी फिरकत नाही.

आमचं बोलणं ऐकून सुनील आत आला. मला वाटलं तो माझ्यावर खेकसेल. त्यानं धागा बोटांवर फिरवून बघितला आणि म्हणाला, "पाला कुणी टाकला ते नंतर बघू. आधी तिकडं जाऊ."

तीनएक तासांचा रस्ता. आत्या मागच्या सीटवर जुडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि म्हसवडच्या सिद्धनाथाला काहीतरी बोलत होत्या. मी पुढे. माझ्या मनात एकच येत होतं - मामा तिथे सापडू देत. आणि लगेच पुढचं यायचं, की ते तिथे असतील तर पाल्याची गोष्ट खरी, आणि ती खरी असेल तर आत्यांचं म्हणणंही खरं नसेल कशावरून? फाटा जवळ यायला लागला तसं मला गाडी थांबवायला सांगावंसं वाटू लागलं. जोवर बघितलं नाही तोवर माणूस जिवंत तरी होता.

पुढे गाडी जाईना, माळावरून चालत गेलो. वाडग्याचे दगड अर्धे ढासळले होते. बाजूला पुरुषभर उंच रुई, पांढऱ्या फुलांनी लगडलेली. तिच्या सावलीत घोंगडं पडलं होतं, त्यात कुणीतरी होतं, पण हालचाल नव्हती. सुनील धावला. मी आत्यांचा हात धरून उभीच राहिले.

मग घोंगड्यातून हात वर आला, डोळ्यांवरचं ऊन अडवायला.

ओठ फुटले होते, पायांना फोड आले होते. शेजारी पाण्याची प्लास्टिकची बाटली होती, कुणा मेंढक्यानं दिली असणार. एसटीनं आले असतील. पंच्याहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट, त्यामुळे कुणी हटकलं नसेल. फाट्याला उतरून चालत आले असतील, एवढं सगळं समजण्यासारखं आहे. आत्या त्यांच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या, चेहरा, खांदे, गुडघे, सगळं जागेवर आहे का बघितल्यासारखा. मामा त्यांच्यावर जरा वैतागलेच. मग मला बघून म्हणाले, "काळजी करू नगं. पाला टाकून आलोय म्या."

"कुठे टाकलात मामा?"

"कुटं म्हंजी? कोकरांस्नी, वर गच्चीत." आणि पुढे म्हणाले, "त्यातली थोरली आता खायची न्हाई. वर चेनीला टांगून घेतलंया तिनं. तिला हलवू नगंस."

लटकलेल्या अळीबद्दल मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सुनीलला नाही, आत्यांनाही नाही. शनिवारी मामा घरातून गेले तेव्हा ती साधी खात होती. त्यांच्या दोन्ही तळव्यांवर चिकाचे पांढरे डाग होते... पण ते तिथल्या रुईचेही असू शकतात, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय.

मिरजेला चार दिवस सलाईनवर होते, मग घरी आणलं. समोरच्यांच्या कॅमेऱ्यात त्या दोन्ही सकाळी दूधवाला आणि पेपरवाला यांच्याशिवाय कुणी नाही. मीच झोपेत चालून पाला आणला असेल, असंही सुनीलनं एकदा सुचवून बघितलं. मी म्हटलं, पांढरी रुई झोपेत कुठून आणू? तेव्हापासून तो हा विषय काढत नाही. आत्यांचं सरळ आहे. "माणूस माघारी आलं न्हवं? मग झालं." त्यांचं झालं. मला मात्र अजून वर्गात पुराव्यावर बोलायची वेळ आली की मधेच अडखळायला होतं.

ज्याला विचारायचं त्यालाच विचारावं म्हणून परवा दुपारी मामांजवळ बसले. आता त्यांचं विसरणं बरंच पुढे गेलंय, अळ्यांचंही नाव काढत नाहीत, मला "पोरी" म्हणतात. मी त्यांना सगळं सांगितलं. एक म्हातारे होते, घरातून निघून गेले, तिकडे लांब माळावर एकटे बसून राहिले, तरी रोज सकाळी घरी पाला यायचा. कसा येत असेल हो मामा?

ते फार लक्ष देऊन ऐकत होते. चेहऱ्यावर काळजी दिसत होती. मग माझं मनगट धरून म्हणाले, "गावला का त्यो म्हातारा?"

"गावला."

"कुटं हाय आता?"

"घरात आहे."

"न्हाई," ते म्हणाले, "अजून वाटंला हाय त्यो. दार उघडंच ठेव."

मी उठले आणि पुढच्या दाराची कडी काढून ठेवली.